काठावरचा दिवस

बदलापुरात आम्ही नऊ वर्षं ज्याच्या खोलीत भाड्यानं राहिलो, त्या घरमालकाबद्दल हे लिहिते आहे. तोंडावर मी त्याला दादा म्हणायचे, अहो-जाहो करायचे. पाठीमागे 'तो' म्हणायचे. आता तो वारला, त्यामुळे तोंडावर म्हणायचा प्रश्न उरला नाही. 'तो' असंच लिहिते.

माणूस वाईट नव्हता. फार चांगला होता असंही नाही. मेल्यावर सगळेच चांगले होतात, ते मला पटत नाही.

तो मूळचा कोकणातला, खाडीकाठचा. बाप तर चालवायचा, म्हणजे माणसांना होडीतून ह्या काठावरून त्या काठावर सोडायचा. हा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर झाला. उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर त्यानं पाच खोल्यांची बैठी चाळ बांधली. चार भाड्यानं दिल्या, टोकाच्या खोलीत तो, त्याची बायको आणि मुलगी. बायकोला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. वहिनी कमी बोलायची. त्याच्या घरात बोलायचं काम तो एकटाच करायचा.

खोली दिली तरी भिंती त्याच्याच, असं त्याचं म्हणणं. खिळा ठोकायचा तर आधी त्याला सांगायचं. मग तो हातोडी घेऊन स्वतः यायचा.

"काय टांगणार?"

"फोटो."

"कोणाचा?"

"सासूबाईंचा."

"जिवंत आहेत?"

"आहेत की. गावाला असतात."

"मग बारीक खिळा चालेल," म्हणाला, आणि बारीकच ठोकला. सासूबाई वारल्या तेव्हा न बोलावता आला आणि मोठा ठोकून गेला.

आणखी एक खोड म्हणजे दोऱ्या. चाळीसमोर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, त्या तो कधी ताठ बांधू द्यायचा नाही. आमची लुगडी मातीला लागायची. मी ताठ बांधली की संध्याकाळी कामावरून येऊन तो सैल करायचा.

"दादा, कपडे धुळीत लोळतात."

"दोरी सैल पाहिजे बाय. पाणी चढलं की ताठ दोरी तुटते."

"इथं कुठलं पाणी चढतंय? ही वाळत घालायची दोरी आहे."

"हाताला सवय असू दे," म्हणायचा.

खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि उतरतं. होडी आखडून बांधली तर चढत्या पाण्यात दोरी तुटते नाहीतर होडी बुडते. हे त्याला बापानं शिकवलेलं. बदलापूरच्या नदीला भरतीही नाही आणि ओहोटीही नाही. त्याला ते माहीत होतं, त्याच्या हातांना माहीत नव्हतं.

आता होडीचं सांगते. चाळीच्या मागे विटांवर त्याची होडी पालथी घातलेली असायची. प्लायवूड, पत्रा, डांबर, कारखान्यातलं भंगार, जे मिळेल त्याची त्यानं स्वतः बांधली होती. वर्षभर तिच्याखाली त्याची कोंबडी अंडी घालायची. दिवाळीच्या आधी तो कोंबडीला हाकलायचा, होडीला नवं डांबर फासायचा, आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन चार दिवस नदीवर निघायचा. सोबत एक भाडेकरू घ्यायचा, पाळीपाळीनं. चार खोल्या, म्हणून चार वर्षांनी एकदा पाळी. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणाऱ्याशी तो पुढची पाळी येईपर्यंत बोलायचा नाही, आणि नळाची चावी त्याच्या हातात होती.

जायचं कुठे, तर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, वांगणीच्या दिशेनं. तिथं पाणी साचून असतं, होडी चालते. गाडीनं चहा निवायच्या आत माणूस पोचतो. आम्ही दोन दिवस जायचो आणि एक दिवस यायचो. मधला एक दिवस कुठेच जायचं नाही. त्याला तो 'काठावरचा दिवस' म्हणायचा.

आमची पहिली पाळी आली त्या वर्षी श्रावणात आमच्या ह्यांच्या कंपनीला टाळं लागलेलं होतं. हे रोज गेटवर जाऊन बसायचे आणि परत यायचे. घर माझ्या कामावर चाललं होतं. उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात एका सिंध्याचा जीन्सचा कारखाना होता. शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापून द्यायचे, त्याला धागा कटिंग म्हणतात. मी गठ्ठा डोक्यावर आणायचे, घरी बसून कापायचे आणि ठरल्या दिवशी पोचवायचे. एक दिवस उशीर झाला तर शेठ माल दुसरीला द्यायचा. दारात दुसऱ्या बायका उभ्याच असायच्या. हे काम गेलं असतं तर आम्हाला गावाला परत जावं लागलं असतं, आणि गावाला काही नव्हतं.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, "दादा, आम्हाला ह्या वर्षी नाही जमायचं. माझ्याकडे माल आहे. सोमवारी द्यायचाय."

"माल म्हणजे?"

"पँटी. चाळीस."

त्यानं होडीकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "जागा आहे."

अशी आम्ही सहा माणसं आणि चाळीस पँटी निघालो. तो, वहिनी, त्यांची मुलगी, आमचे हे, आमची मुलगी आणि मी.

होडी गळायची. पाणी उपसायला डालडाचा डबा होता, आणि त्या डब्याचा नियम होता. जो तक्रार करेल त्याच्या हातात डबा.

"दादा, पाय भिजले," मी म्हटलं.

"हं, डबा घे."

मी अर्धा तास उपसलं. मग डबा ह्यांच्याकडे द्यायला गेले.

"त्यानं कुठे तक्रार केली?" तो म्हणाला.

आमचे हे मुळात तक्रार करणारे नव्हेत. कंपनीला टाळं लागलं तेव्हाही केली नाही. दोन्ही दिवस डबा माझ्याच हातात राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी एका गावाच्या खाली आम्ही उतरलो. काठावर छोटं देऊळ होतं, त्याच्या ओट्यावर पथाऱ्या टाकल्या. तो म्हणाला, "उद्या काठावरचा दिवस. उद्या कोणी काही करायचं नाही. चूल नाही, धुणं नाही, भांडी नाहीत. आमच्या बापाला जन्मात एक दिवस बसायला मिळालं नाही. लोक आले की तर सोड, लोक आले की तर सोड. होडीलाही पाय असतात. दिसत नाहीत म्हणून दुखत नाहीत असं नाही."

"आणि खायचं काय?"

"आजच्या भाकऱ्या उरल्यात ना. कालची भाकरी खायची."

मी टोपलीत बघितलं होतं. दोन भाकऱ्या उरल्या होत्या. पण मी बोलले नाही. तक्रार केली की डबा.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी मला जाग आली, तर खाली वाळूत जाळ दिसला. वहिनी तीन दगडांवर तवा ठेवून भाकऱ्या भाजत होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"बोलू नको गो. त्यांची सुट्टी मोडेल."

तिनं बारा भाकऱ्या केल्या, तांदळाच्या. सुकटाची चटणी केली. सगळं फडक्यात बांधून आमच्या पथारीखाली उबेला ठेवलं. मग तवा वाळूनं घासला, राख नदीत सोडली, आणि ते तीन दगड उचलून जिथले तिथे ठेवून आली. एक इकडे, एक तिकडे, एक पार झाडाखाली. हे ती किती वर्षं करत होती कोण जाणे. दगड कुठून उचलले ते तिला पाठ होतं. मग येऊन पडली आणि डोळे मिटले.

उजाडल्यावर तो उठला, आळस दिला आणि कामाला लागला. कोणी काम करू नये म्हणून त्यानं सगळी भांडी, तवा, कोयता, साबण गोळा करून होडीत भरलं. मग माझ्या गठ्ठ्याकडे आला.

"दादा, त्याला हात लावू नका. वीस पँटी राहिल्यात."

"काठावरचा दिवस आहे."

"तुमचा असेल. माझा शनिवार आहे."

"उद्या होडीत बसून काप. कोणी अडवणार नाही."

"उद्या होडीत मी पाणी उपसणार आहे!"

त्यानं ऐकलं नाही. गठ्ठा होडीत टाकला, वर माझा धागा कापायचा कटर ठेवला, आणि होडी ढकलून लांब सोडली. दोरी काठावरच्या करंजाला बांधली. समोर होडी काठाला लागलेली दिसली की माणसाला काम सुचतं, असं त्याचं म्हणणं. दोरी अर्थातच सैल. निम्मी पाण्यावर सापासारखी लोळत होती.

मग त्यानं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला. भाकरीतून वाफ निघाली.

"बघ बाय," तो मला म्हणाला, "कालची भाकरी काठावरच्या दिवशी किती गोड लागते. घरी अशी लागत नाही."

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी नदीकडे बघत होती.

खाणं झाल्यावर आम्ही बसलो. मला बसता येत नव्हतं. हाताला काही नाही म्हणजे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

"नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं, दादा?"

"पाण्याकडे बघ."

"बघितलं."

"अजून बघ."

आमचे हे आणि पोरी झोपून गेल्या. तो करंजाखाली आडवा झाला आणि घोरायला लागला. मी पाण्याकडे म्हणजे माझ्या गठ्ठ्याकडे बघत बसले. वहिनी एक काटकी घेऊन वाळूत रेघा मारत होती. रेघा मारायची, पुसायची, परत मारायची.

डोक्यावर ऊन आलं तेव्हा गावातल्या म्हशी पाण्यावर आल्या. दहा-बारा असतील, मागे एक म्हातारा. म्हशी पाण्यात शिरल्या त्या थेट दोरीवर. एकीचा पाय अडकला, दुसरीच्या शिंगात दोरी आली. शिंगवाली बिथरली आणि पळाली. तिच्यामागे होडी निघाली. दोरी ताठ असती तर म्हशींना दिसली असती, त्या बाजूनं गेल्या असत्या. होडी गरकन फिरली, एका अंगावर झाली, आणि तवा, टोप, माझा गठ्ठा, सगळं पाण्यात.

म्हातारा ओरडला, "कोनाची रं ही होरी? दोर आसा कोन सोरतो? माजी म्हैस मरंल ना!"

मी किंचाळले, "दादा! माझा माल!"

तो उठून बसला. होडीकडे बघितलं. आणि झोपेत होता की काय, मला आजही कळलेलं नाही, पण म्हणाला, "उद्या काढू. आज काठावरचा..."

मी पुढचं ऐकलं नाही. पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही. कमरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले आणि पुढे पाय टेकेना. तेवढ्यात माझ्या बाजूनं कोणीतरी सपकन गेलं. वहिनी. लुगड्याचा काचा मारलेला, आणि अशी पोहत होती की जणू तिला पाण्यातच वाढवलंय. चाळीत कोणाला माहीत नव्हतं. गठ्ठा अर्धा बुडालेला होता, तिनं तो एका हातानं ओढत आणला. पुन्हा गेली. तवा बुडी मारून काढला. टोप काढला. माझा कटर मात्र नदीत गेला.

एव्हाना तोही कमरेएवढ्या पाण्यात येऊन म्हशीच्या शिंगातली दोरी सोडवत होता आणि म्हाताऱ्याच्या शिव्या खात होता. काठावर आला तेव्हा मी गठ्ठा सोडून बसले होते. चाळीस पँटी चिखलानं माखलेल्या.

"वाळतील," तो म्हणाला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. "वाळतील? ह्या न धुतलेल्या पँटी आहेत. रंग सुटला की माल वाया. सोमवारी शेठ मला दारातूनच हाकलेल. मग आम्ही खायचं काय, तुमची सुट्टी? आणि कसली सुट्टी हो? ही बाई तुमच्या आधी उठून भाकऱ्या भाजते, राख लपवते, दगडसुद्धा जागच्या जागी नेऊन ठेवते. तुम्ही एकटे सुट्टीवर आहात. बाकी सगळे तुमची सुट्टी ओढतायत."

माझे हे म्हणाले, "अगं, गप." मी त्यांनाही गप केलं.

तो वहिनीकडे वळला. ती लुगडं पिळत होती.

"खरं?"

"मग काय," वहिनी म्हणाली. "कालची भाकरी गरम असते होय?"

तो तोंड धुतल्यासारखं करून पाण्यात गेला आणि पँटी खंगाळायला लागला. आम्ही सगळेच लागलो. दिवस उतरेपर्यंत चाळीसच्या चाळीस पँटी खडकांवर पसरल्या, पाय लांब करून. त्या काठावरच्या दिवशी खरी सुट्टी कोणी घेतली असेल तर त्या पँटींनी.

राहिलेल्या वीस पँटी मी रविवारी रात्री घरी कात्रीनं कापल्या. सोमवारी त्यानं कारखान्याची रजा टाकली. गठ्ठा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि माझ्याबरोबर उल्हासनगरला आला. मी म्हटलं, मी नेते. म्हणाला, "तू तक्रार केलीस तर डबा तुझ्या हातात. मी केली चूक, गठ्ठा माझ्या डोक्यावर." नियमाला पक्का होता, हे खरं.

शेठनं एक पँट उचलली, हुंगली. "ये क्या है बाई? मछली का बास आता है."

तो पुढे झाला. "गलती मेरी है. इसकी नहीं. मैंने दोरी ढीली बांधी."

"तू कौन है साईं?"

"घरमालक."

शेठ त्याच्याकडे बघतच राहिला. "मकानमालिक भाडेवाली का बोझा उठाके लाया? बाई, भाड़ा तू इसको देती है कि ये तुझको?" शिलाईच्या मशिनीवरची पोरं हसायला लागली. त्याला हसणं कळलं नाही. तो दोरी कशी बांधली होती ते हातानं दाखवायला लागला, खाडी, भरती, बापाची तर, सगळं. शेठनं अर्ध्यातच हात जोडले आणि माल धुलाईत टाकायला सांगितला. मला महिनाभर अर्धाच गठ्ठा मिळाला. पण काम गेलं नाही. कंपनी पुढे उघडलीच नाही, हे एका दुकानात लागले, आणि तोपर्यंत घर त्या धाग्यांवरच टिकलं.

परत येताना त्यानं मला बाजारातून नवा कटर घेऊन दिला. माफी वगैरे मागितली नाही. मी आभार मानले नाहीत.

चार वर्षांनी आमची पाळी परत आली. होडी तीच, डबा तोच, उपसणारी मी. काठावरच्या दिवशी उजाडायच्या आधी मला जाग आली तर वहिनी पथारीवर टक्क डोळे उघडे ठेवून पडलेली, आणि खाली तो चूल फुंकत होता. तीन दगड नीट बसत नव्हते, त्यांना शिव्या घालत होता.

"तीन वर्षं झाली," वहिनी हळूच म्हणाली. "मला उठू देत नाहीत."

"मग बरंय की."

"काय बरं? तांदूळ न धुता टाकतात."

दिवस वर आल्यावर त्याचा भात शिजत होता आणि आम्हाला हुकूम होता, नुसतं बसा. आमच्या ह्यांना ते जमायचं. पोरी आता मोठ्या झालेल्या, त्या पाण्यात पाय सोडून बसल्या. मी आणि वहिनी एका मोठ्या खडकाच्या आडोशाला होतो. वहिनीनं वाळूत रेघा मारल्या, पुसल्या. पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आणल्यास का गो?"

"काय?"

"पँटी."

मी आणल्या होत्या. ह्या वेळी गठ्ठा नव्हता. सहाच, पथारीच्या आत गुंडाळून, कोणाला दिसू नयेत म्हणून. कटर दोन होते. एक तिला दिला. आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलो आणि कापायला लागलो. वहिनीचा हात लवकर बसला. चेहराही जरा बरा दिसायला लागला.

थोड्या वेळानं मागून त्याचा आवाज आला. "कोण काम करतंय का तिकडे?"

वहिनीनं हात थांबवला नाही. "नाही."

मी वळून बघितलं. तो पळी घेऊन उभा होता, आमच्यापासून दहा पावलांवर. खडकापासून त्याच्या पायांपर्यंत वाऱ्यानं निळे धागे पसरले होते. त्यानं ते बघितले. मग आमच्याकडे बघितलं.

"बरं," म्हणाला, आणि वळून चुलीकडे गेला. जाताना पायानं थोडी वाळू धाग्यांवर लोटली.

भात खाली करपला होता आणि वर कच्चा होता. त्यानं सगळ्यांना वाढला, वहिनीला पहिल्यांदा. समोर उकिडवा बसून तिचा घास जाईपर्यंत वाट बघितली.

"कसा झालाय?"

वहिनीनं घास चावला. बराच वेळ चावावा लागला.

"कालच्या भाकरीसारखा," ती म्हणाली.

तो खूश झाला आणि तिला आणखी वाढला.